लढणारें जहाज आणि फुटलेलें जहाज

गेल्या वर्षीं आमच्या शाळेंत वक्तृत्वाची चढाओढ झाली, तींत वरच्या वर्गांसाठीं 'समुद्रावरील शौर्य' हा विषय ठेविला होता. अकरा विद्यार्थी बोलावयास उभे राहिले. त्यांपैकीं सात जणांनीं नेल्सनची कथा सांगितली, तिघांनीं कान्होजी आंग्र्यांची, आणि एकानें, विषयाचा कागद नीट न वाचल्यामुळें, कोलंबसाची. कोपनहेगनच्या लढाईंत वरिष्ठानें लढाई थांबविण्याची खूण केली असतां नेल्सननें आपल्या आंधळ्या डोळ्यास दुर्बीण लावून आपणांस खूण दिसतच नाहीं असें सांगितलें, हा प्रसंग तर सातहि जणांनीं वर्णिला, आणि सातहि वेळां सभागृहांत टाळ्या झाल्या.

आम्ही परीक्षक म्हणून बसलों होतों. बक्षिसें योग्य मुलांसच मिळालीं, त्याविषयीं तक्रार नाहीं. परंतु घरीं जातांना आमच्या मनांत एक विचार घोळूं लागला, तो वर्षभर गेला नाहीं. म्हणून तो येथें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडीत आहों. शिडांच्या जहाजांचा काळ म्हणजे थोडाथोडका नव्हे, तीनशें वर्षांहून अधिक. त्या काळांतील शौर्य म्हटलें कीं मुलांस लढाईच तेवढी कां आठवावी? तोफा, धूर, फडकणारीं निशाणें आणि शेवटीं विजय, एवढ्यांत समुद्रावरील पराक्रम संपतो काय? आमचें मत तसें नाहीं. मनुष्य किती शूर आहे हें लढणाऱ्या जहाजावर जितकें कळतें, त्याहून फुटलेल्या जहाजावर अधिक कळतें, असें आम्हांस वाटतें. मत थोडें धाडसाचें आहे हें आम्ही जाणतों. तेव्हां उदाहरणें दिलीं पाहिजेत.

सन १७८९ च्या सप्टेंबरांत 'गार्डियन' नांवाचें जहाज इंग्लंडहून निघालें. जहाज मूळचें ४४ तोफांचें. परंतु या सफरींत त्याला लढावयाचें नव्हतें. ऑस्ट्रेलियांत सिडनी येथें नुकतीच जी वसाहत घातली होती, तेथील माणसांस धान्य, कपडे, अवजारें, गुरें व रोपें पोंचविण्याचें काम त्याच्याकडे होतें. कप्तानाचें नांव एडवर्ड रिऊ. वय अवघें सत्तावीस, दर्जा लेफ्टनंटचा. पोरवयांत तो कॅप्टन कुक याच्या तिसऱ्या सफरींत होता. जहाजावर खलाशांखेरीज कांहीं उतारू होते, आणि काळ्या पाण्याची शिक्षा झालेले पंचवीस कैदी होते; शेतकी व कारागिरी जाणणारे म्हणून ते मुद्दाम निवडून घेतले होते.

डिसेंबरांत केप ऑफ गुड होप येथें थांबून जहाज पुढें निघालें. २४ डिसेंबर रोजीं, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशीं, समुद्रांत बर्फाचा एक प्रचंड डोंगर दिसला. गुरांना व रोपांना पाणी पुष्कळ लागे, आणि सांठा झपाट्यानें उतरत होता. तेव्हां रिऊनें होड्या पाठवून बर्फाचे तुकडे आणविले, हेतु हा कीं तें वितळवून गोडें पाणी मिळावें. काम झालें, आणि दाट धुकें उतरलें. त्या धुक्यांतून बर्फाची भिंत एकाएकीं समोर उभी राहिली. हिमनगाचा फार मोठा भाग पाण्याखालीं असतो, हें भूगोलाच्या तासाला तुम्ही शिकलां आहांत. जहाज वळविलें तरी पाण्याखालच्या बर्फावर तें आपटलेंच. सुकाणूं मोडून गेलें, तळ फाटला, पाणी आंत शिरूं लागलें.

सारी रात्र पाणी उपसण्याचे बंब चालले. गुरें, तोफा, माल, जें हातीं लागेल तें समुद्रांत टाकलें. एका शिडाला काथ्या लावून तें दोरांनीं जहाजाच्या पोटाखालून ओढून घेतलें, कीं फाटलेल्या जागेवर तें ठिगळासारखें बसावें. थोडा वेळ गुण आला, पुन्हां पाणी वाढलें. माल हलवितांना रिऊचा हात चिरडला. कांहीं खलाशांनीं दारूचा सांठा फोडला व ते पिऊन धुंद झाले. नाताळची सकाळ उजाडली तेव्हां जहाज बुडणार याविषयीं कोणासच शंका उरली नव्हती.

येथें रिऊनें काय केलें तें नीट लक्षांत घ्यावें. होड्यांत सगळीं माणसें मावणें शक्य नव्हतें. ज्यांना जावयाचें असेल त्यांनीं जावें, अशी त्यानें मोकळीक दिली. आपण मात्र जहाज सोडणार नाहीं असें सांगितलें. आणि त्या बुडत्या जहाजावर बसून त्यानें आरमारखात्याच्या चिटणिसास एक पत्र लिहिलें, व तें होडींतून जाणाऱ्या क्लेमेंट्स नांवाच्या अधिकाऱ्याच्या हवालीं केलें. पत्र चारपांच ओळींचें. आपल्या माणसांपैकीं कोणी घरीं पोंचलें तर त्यांच्याविषयीं एवढेंच सांगावयाचें कीं, आघातानंतर त्यांची वर्तणूक अत्यंत प्रशंसनीय होती, हें त्यांतलें पहिलें म्हणणें. आपण आतां कांहीं तासांचेच सोबती आहों. आपली सेवा स्मरणांत ठेवण्याजोगी वाटल्यास एक बहीण व विधवा आई यांजवर खात्यानें कृपादृष्टि ठेवावी, हें दुसरें. पत्र संपलें.

त्यांत कोणास दोष नाहीं. जे होड्यांतून निघून चालले होते, त्यांची देखील स्तुतीच आहे. आम्हीं हें पत्र प्रथम वाचलें तेव्हां या गोष्टीचें फार आश्चर्य वाटलें. होडींत बसणाऱ्यांस भित्रे म्हणण्याची घाई आपण करूं. रिऊनें ती केली नाहीं. आणि त्याचें बरोबरच होतें. होडींत बसणारा त्या वेळीं जगण्याचा अधिक शहाणपणाचा मार्ग धरीत होता. जहाजावर राहणें म्हणजे मरणें, असा सर्वांचाच हिशेब होता, रिऊचाहि. तो हिशेब चुकला. होड्यांपैकीं एकच, क्लेमेंट्सची, पंधरा माणसांनिशीं एका फ्रेंच जहाजाच्या दृष्टीस पडून वांचली. बाकीच्या होड्या पुन्हां कोणास दिसल्या नाहींत.

जहाजावर सुमारें साठ माणसें राहिलीं होतीं. फाटलेल्या तळांतून जड माल गळून गेला आणि तळघरांत कोंडलेल्या पिंपांनीं जहाजास उचलून धरिलें, म्हणून तें अर्धें पाण्यांत बुडूनहि तरंगत राहिलें. सुकाणूं नाहीं, पाणी सारखें आंत येतें आहे, बंब थांबवावयाचा नाहीं. असे आठ आठवड्यांहून अधिक दिवस गेले! २१ फेब्रुवारी १७९० रोजीं गार्डियन पुन्हां केपच्या टेबल उपसागरांत येऊन लागलें. पुढें एप्रिलांत एका वादळानें तें किनाऱ्यावर फेंकलें गेलें व तेथेंच मोडलें. वांचलेल्यांत वीसएक कैदी होते. बंबावर ते खलाशांच्या बरोबरीनें राबले होते, आणि रिऊनें सरकारास तसें स्पष्ट लिहिलें. सिडनीस गेल्यावर त्यांपैकीं चौदा जणांस माफी मिळाली. ज्यांना देशाबाहेर टाकण्याजोगे म्हणून न्यायासनानें ठरविलें होतें, ते त्या जहाजावर कसे वागले याचा निवाडा दुसऱ्या एका माणसानें, त्यांच्याबरोबर गुडघाभर पाण्यांत उभें राहून केला होता.

रिऊचें गुणगान करतांना एक गोष्ट लपवूं नये. जहाजावरील बहुतेक माल गेला तो गेलाच. सिडनीचीं माणसें त्या मालाची वाट पाहत होतीं, त्यांचा शिधा आणखी कमी करावा लागला. रिऊच्या धैर्यानें त्यांचें पोट भरलें नाहीं. शौर्यानें सगळेंच निभावतें असें नाहीं.

आतां दुसरें जहाज पाहूं. सन १८१६. नेपोलियनचीं युद्धें संपलीं होतीं, आणि आफ्रिकेंतील सेनेगाल हा मुलूख इंग्रजांनीं फ्रेंचांस परत द्यावयाचा होता. तो ताब्यांत घेण्यास नवा गव्हर्नर, सैनिक, कामगार, खलाशी, मिळून सुमारें चारशें माणसें घेऊन 'मेद्यूज' हें फ्रेंच जहाज निघालें. कप्तान शोमारे. राजघराण्याशीं निष्ठा ही त्याची मोठी पात्रता. जहाज हांकून त्यास वीसांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. जाणत्या अधिकाऱ्यांचें त्यानें ऐकलें नाहीं, आणि २ जुलै रोजीं, वादळ नसतां, शत्रु नसतां, जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या आर्ग्विनच्या वाळूंत रुतलें.

होड्या अपुऱ्या होत्या. डोलकाठ्या व फळ्या बांधून एक तराफा केला, त्यावर १४७ माणसें चढविलीं, बहुतेक सैनिक. सतरा जण जहाजावरच राहिले. कप्तान व गव्हर्नर होड्यांत बसले. होड्यांनीं तराफा दोरानें ओढीत किनाऱ्याकडे न्यावयाचा असें ठरलें होतें. थोडें अंतर गेल्यावर तराफा जड वाटूं लागला, आणि दोर सोडून देण्यांत आले. त्यानंतर तेरा दिवस तो तराफा समुद्रावर वाहत होता. त्या दिवसांत माणसांनीं माणसांचें काय केलें, तें लहान मुलांच्या हातीं जाणाऱ्या या पुस्तकांत लिहिण्याजोगें नाहीं. १७ जुलै रोजीं 'आर्गस' नांवाच्या जहाजास तो सांपडला तेव्हां पंधरा माणसें जिवंत होतीं, आणि त्यांतलीं पांच लवकरच वारलीं. जहाजावर राहिलेल्या सतरांपैकीं तिघे पुढें जिवंत मिळाले. कप्तानाची चौकशी होऊन त्यास तीन वर्षांची कैद झाली.

या तराफ्याचें झेरिको नांवाच्या चित्रकारानें काढलेलें चित्र १८१९ सालीं पॅरिसमध्यें मांडलें गेलें. तें आजहि तेथील लूव्हर संग्रहालयांत आहे. सोळा फूट उंच व तेवीस फूट रुंद, म्हणजे आमच्या चित्रकलेच्या वर्गाची एक भिंतहि त्याला पुरणार नाहीं. चित्रांत प्रेतें आहेत, प्रेतवत् बसलेले आहेत, आणि क्षितिजावर ठिपक्याएवढें जहाज दिसतांच कापड हालविणारे आहेत. त्या माणसांचा कप्तान कोठें आहे, असा प्रश्न आमच्या एका विद्यार्थिनीनें चित्राची प्रत पाहून विचारला होता. मोठा मार्मिक प्रश्न! त्या वर्षीं चित्र पाहणाऱ्या फ्रेंच लोकांनींहि तोच विचारला असेल.

दोर म्हटल्यावर पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस प्रेषितांच्या कृत्यांतील सत्ताविसावा अध्याय आठवल्याशिवाय राहणार नाहीं. पौल ज्या तारवांत होता त्यावर २७६ माणसें होतीं. वादळांत सांपडल्यावर खलाशी निमित्त काढून होडी खालीं सोडूं लागले, स्वतः निसटावें म्हणून. तेव्हां पौलाच्या सांगण्यावरून शिपायांनीं त्या होडीचे दोर कापून टाकले. दोर तेथेंहि तुटले, परंतु ते सगळ्यांनीं एका तारवावर राहावें म्हणून. तारूं फुटलें, मनुष्य एकहि दगावला नाहीं.

आतां आमच्या मताचें कारण सांगतों. लढाईंत मनुष्याच्या पाठीशीं पुष्कळ गोष्टी असतात. शत्रूचा राग असतो, नगाऱ्यांचा आवाज असतो, शेजारी उभा असलेला सोबती काय म्हणेल ही लाज असते. विजयाची, बढतीची, लुटीच्या वांट्याची आशा असते. शिवाय शिडाच्या लढाऊ जहाजावर तोफेजवळ उभा असलेला खलाशी पळून जाईल कोठें? चहूंकडे पाणी. तो उभा राहतो यांत त्याचें धैर्य आहेच. परंतु त्याला दुसरा मार्ग नाहीं, हेंहि आहे. फुटलेल्या जहाजाची गोष्ट निराळी. तेथें होडी जवळ उभी असते. तींत बसलें तर कोणी भित्रा म्हणणार नाहीं, कारण म्हणणारा जगणारच नाहीं. राग धरावा असा शत्रु नसतो. पाण्यावर राग धरून काय उपयोग? आणि हुद्दा, पगार, शिस्त, हें सगळें ओलें होऊन गळून पडलेलें असतें. तेथें जो आपण होऊन मागें राहतो, तो कोणत्या बळावर राहतो याचा विचार मुलांनीं करावा असें आम्हांस वाटतें. त्या काळच्या आरमारी युद्धांत शत्रूच्या गोळ्यांनीं जितके इंग्रज खलाशी मेले, त्याहून जहाज फुटून किंवा जळून अधिक मेले, आणि रोगानें तर त्याहून कितीतरी अधिक. मग धडे मात्र सगळे गोळ्यांचेच कां?

यावरून रिऊ इंग्रज म्हणून चांगला आणि शोमारे फ्रेंच म्हणून वाईट, असा अर्थ कोणीं काढूं नये. सात विद्यार्थ्यांच्या आवडत्या ट्रफाल्गारचेंच उदाहरण घ्या. २१ ऑक्टोबर १८०५ रोजीं स्पेनच्या किनाऱ्याजवळ २७ इंग्रज जहाजें व ३३ फ्रेंच-स्पॅनिश जहाजें यांची गांठ पडली. नेल्सन पडला, इंग्रजांस जय मिळाला, आणि पुस्तकांतला धडा तेथें संपतो. समुद्रावर तो संपला नव्हता. लढाईमागून कित्येक दिवस भयंकर वादळ चाललें. डोलकाठ्या मोडलेलीं, जखमी माणसांनीं भरलेलीं जहाजें एकामागून एक बुडूं लागलीं किंवा खडकांवर आदळूं लागलीं. 'रदूताब्ल' नांवाचें फ्रेंच जहाज त्यांत होतें. नेल्सनला लागलेली गोळी याच जहाजाच्या डोलकाठीवरून सुटली होती. त्याच्यावरील सहाशेंचाळीसांच्या आसपास माणसांपैकीं पांचशेंहून अधिक मेलीं किंवा जखमी झालीं होतीं. २२ तारखेस संध्याकाळीं, इंग्रजांचें 'स्विफ्टशुअर' तें ओढून नेत असतां, रदूताब्ल बुडूं लागलें. स्विफ्टशुअरच्या खलाशांनीं त्या खवळलेल्या समुद्रांत होड्या घातल्या आणि हातीं लागतील तेवढे फ्रेंच उचलून आणले. दुसऱ्या दिवशीं मोडक्या फळ्यांवर तरंगणारेहि कांहीं वांचविले. आपल्या सेनापतीला मारणाऱ्या जहाजाचीं हीं माणसें! तिकडे काडिझच्या स्पॅनिश गव्हर्नरानें इंग्रज जखमींकरितां आपलीं रुग्णालयें देऊं केलीं, आणि नेल्सनच्या मागून आलेल्या कॉलिंगवुडनें जखमी स्पॅनिश कैदी किनाऱ्यावर पाठवून दिले. ट्रफाल्गारवर बोलणाऱ्या एकाहि विद्यार्थ्यास या वादळाची वार्ता नव्हती. दोष विद्यार्थ्यांचा नाहीं. आम्हीं शिक्षकांनींच ती सांगितली नव्हती.

येथें आम्हांस स्वतःविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगितल्यावांचून हा लेख लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

पुष्कळ वर्षांपूर्वीं, नोकरीच्या आरंभीं, आम्ही कोंकणांत दुसऱ्या एका गांवीं होतों. पावसाळा सरतां सरतां वीसएक मुलांस घेऊन सहलीस निघालों. वाटेंत खाडी होती. होडींतून पलीकडे जावयाचें होतें. ओहोटी लागली होती. पैलतीर अगदीं जवळ आला असतां होडी पाण्याखालच्या खडकावर घासली आणि एक फळी उचकटली. पाणी घोट्यापर्यंत आलें. आम्हीं मोठ्यानें ओरडून मुलांस सांगितलें, "घाबरूं नका, जागचे हलूं नका!" आणि दुसऱ्याच क्षणीं आम्ही स्वतः कमरेइतक्या पाण्यांत होतों व किनाऱ्याकडे चाललों होतों. उडी केव्हां मारली हें आजहि आठवत नाहीं. किनाऱ्यास लागून वळून पाहिलें, तों म्हाताऱ्या तांडेलानें डोक्याचें मुंडासें काढून भोकांत कोंबलें होतें व त्यावर टांच रोंवून तो उभा होता. आणि वरच्या वर्गांतला एक मुलगा लहानांस एकेक करून खालीं उतरवीत होता. तो सर्वांमागून उतरला. तांडेल त्याच्याहि मागून.

कोणास कांहीं झालें नाहीं. पाणी मोठ्या माणसाच्या छातीवर नव्हतें. परत आल्यावर मुख्याध्यापकांस आम्हीं सांगितलें, सर्व मुलें सुखरूप उतरलीं; आणि त्यांत एक अक्षर खोटें नव्हतें. मुलांनीं त्याविषयीं कधींहि अवाक्षर काढलें नाहीं. ते आम्हांस पूर्वीसारखेच 'मास्तर' म्हणत राहिले. तो मोठा मुलगा वर्गांत गणितांत मागें होता आणि आम्ही त्याला नेहमीं बोलत असूं. त्या दिवसापासून आमच्यानें बोलवेना. शोमारेची हकीकत आम्ही जेव्हां वाचतों, तेव्हां त्या मनुष्याविषयीं इतरांस वाटतो तितका संताप आम्हांस येत नाहीं. आमच्या हातांत चारशें माणसें नव्हतीं, हें आमचें नशीब.

कोणी पालक म्हणतील, या सगळ्या परक्या समुद्रांवरच्या गोष्टी. आमच्या मुलांस त्यांचें काय? याला आमचें उत्तर असें कीं, तीं जहाजें आपल्याला इतकीं परकीं नाहींत. शिडांच्या जहाजांनींच सर्वस्वीं लढलेली शेवटची मोठी लढाई ग्रीसजवळ नाव्हारिनो येथें २० ऑक्टोबर १८२७ रोजीं झाली. तींत इंग्रज सेनापतीचें जहाज 'एशिया' हें १८२४ सालीं मुंबईच्या गोदींत बांधलेलें होतें. वाडिया घराण्यांतील पारशी कारागिरांनीं मलबारी सागवानाचीं अशीं अनेक जहाजें तेथें बांधलीं, आणि त्यांपैकीं १८१७ सालचें 'त्रिंकोमाली' इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजहि पाण्यावर उभें आहे. आणि खलाशी? सन १७९७ मध्यें कलकत्त्याहून सिडनीस निघालेलें 'सिडनी कोव्ह' हें जहाज टास्मानियाजवळच्या एका बेटावर फुटलें. मदत आणण्यास सतरा माणसें होडीनें निघालीं; तींत बहुतेक हिंदी खलाशी होते. ती होडीहि किनाऱ्यावर फुटली. मग ते पायीं निघाले, अनोळखी अरण्यांतून व नद्यांतून, सिडनीपर्यंत शेंकडों मैल. तिघे पोंचले, त्यांत एक हिंदी खलाशी होता. त्यांच्या वार्तेवरून बेटावर राहिलेल्यांस आणावयास जहाज गेलें. त्या खलाशाच्या नांवानें आमच्या शाळेंत आजवर कोणीं भाषण केलेलें नाहीं.

लढाईचे धडे गाळावे असें आम्ही म्हणत नाहीं. कान्होजींविषयीं बोलणाऱ्या तिघांचीं भाषणें ऐकून आमचाहि ऊर भरून आला होता. परंतु कोपनहेगनच्या त्या प्रसंगाकडे पुन्हां एकदां वळतों, कारण त्यांतलें अर्धेंच त्या सात जणांनीं सांगितलें.

२ एप्रिल १८०१ च्या त्या लढाईंत 'अमेझॉन' नांवाचें फ्रिगेट जहाज होतें, व तशा लहान जहाजांची तुकडी ज्याच्या हाताखालीं होती तो कप्तान म्हणजे आपला एडवर्ड रिऊच. डेन लोकांच्या मोठ्या किल्ल्यासमोर, आपल्याहून फार भारी तोफांशीं, तो आपलीं हलकीं जहाजें घेऊन लढत होता. वरिष्ठ सेनापति पार्कर यानें लढाई थांबविण्याची खूण दूरवरून केली. नेल्सननें ती न पाहिल्यासारखें केलें, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. रिऊला नेल्सनचें जहाज धुरांत दिसेना; पार्करची खूण मात्र दिसली. ती पाळावी असें त्याच्या मनांत नव्हतें. नेल्सन आपल्याविषयीं काय समजेल, याचें त्याला अत्यंत वाईट वाटलें. तरी हुकूम तो हुकूम म्हणून त्यानें जहाज वळविलें. वळतांना जहाजाची पाठ किल्ल्याकडे झाली. डोक्यास लांकडाची चीप लागून तो आधींच जखमी झाला होता. तोफेवर बसून माणसांस धीर देत असतां एका गोळ्यानें तो जागच्या जागीं ठार झाला. वय अडतीस. लंडनच्या सेंट पॉलच्या मंदिरांत त्याचें व त्याच दिवशीं पडलेल्या मॉस नांवाच्या दुसऱ्या कप्तानाचें मिळून एक स्मारक आहे. ज्यानें हुकूम मोडला त्याची दुर्बीण मुलांस पाठ आहे. ज्यानें पाळला त्याचें नांव त्या सातांपैकीं एकाच्याहि तोंडीं आलें नाहीं. नेल्सनचें कृत्य चुकीचें होतें असें नव्हे. तो जिंकला, आणि बहुधा त्याचेंच खरें होतें. एकाच खुणेपुढें दोन शूर माणसें दोन तऱ्हांनीं वागलीं, हें मुलांस कळलें असतें तर त्या दिवशींचा वाद अधिक रंगला असता.

येत्या वर्षीं वरच्या वर्गांच्या चढाओढीस 'फुटलेलें जहाज' हा विषय ठेवावा, अशी सूचना आम्हीं शिक्षकमंडळापुढें मांडली आहे. ती मान्य होवो न होवो, रिऊनें नाताळच्या दिवशीं लिहिलेल्या त्या पत्राची इंग्रजी नक्कल आम्हीं स्वच्छ अक्षरांत उतरून ग्रंथालयाच्या खिडकीजवळील कपाटांत ठेविली आहे. ज्या विद्यार्थ्यांस ती वाचावयाची असेल त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर यावें. अवघड शब्दांचे अर्थ आम्ही तेथें बसून सांगूं. पालकांपैकीं कोणी आले तरी त्यांच्यासाठीं खुर्ची आहे.